अणशी, तीन-तीन

रामनगरात भिकाजीचं घर सापडायला पत्ता लागत नाही. मान वर करून चालायचं. ज्या कौलांवरून पलीकडच्या फणसापर्यंत तांब्याची तार ताणलेली दिसेल आणि तारेवर कावळे बसलेले दिसतील, ते घर भिकाजीचं. कॅसलरॉकला रेल्वेच्या तारा-टेलिफोनांची देखभाल करता करता ह्या माणसाला रेडिओचं वेड लागलं, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यानं परीक्षा देऊन हौशी रेडिओचा सरकारी परवाना मिळवला. तेव्हापासून कर्नाटकातल्या सगळ्या जोयडा तालुक्यात तो एकटाच रेडिओवाला होता. एकटं असण्यात केवढं सुख आहे, हे त्याला दुसरा येईपर्यंत कळलं नव्हतं.

आता हौशी रेडिओ म्हणजे गाणी लावायचा रेडिओ नव्हे. परवानेवाल्यानं आपल्या घरातून आपल्या यंत्रावर हाक घालायची आणि दुसरीकडचा परवानेवाला उत्तर देतो. बेळगावचा, कारवारचा, गोव्याचा, कधी नशिबानं इटलीचा. नमस्कार झाला की पहिलं काम रिपोर्ट देण्याचं. आपला आवाज पलीकडं कसा पोचतो हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही, ते ऐकणाऱ्यानंच सांगायचं असतं. शब्द किती कळले ह्याला पाचपैकी गुण, जोर किती ह्याला नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे समोर बसून बोलल्यासारखं. तीन-तीन म्हणजे निम्मं कळलं, निम्मं वाऱ्यावर गेलं. ह्या दोन आकड्यांच्या भरवशावर माणूस आपली तार उतरवतो, चढवतो, यंत्र खोलून बसतो.

"पोटात काय बी असू दे, रिपोर्टात खोट न्हाई," असं भिकाजी शिकवायचा. शिकवायचा म्हणजे एकालाच, लाडूला.

लाडू हे त्याचं खरं नाव. अणशी घाटाकडच्या कुणब्यांच्या वाड्यांत एखादा तरी लाडू असतोच, त्यात हसण्यासारखं काही नाही. पस्तिशीचा हा गडी जंगलातल्या वाड्यांवर सौरदिवे बसवायचा, बिघडलेले दुरुस्त करायचा. रामनगरला बॅटऱ्या न्यायला आला असताना त्यानं भिकाजीची तार बघितली आणि ओट्यावर येऊन बसला तो दोन वर्षं बसतच राहिला. भिकाजीनं त्याला सगळं शिकवलं, परीक्षेला बसवलं, परवाना आला तेव्हा भिकाजीच्या बायकोनं, सावित्रीबाईंनी, गोडाचा शिरा केला. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

मग तो डबा आला.

बेळगावच्या भंगारवाल्याकडून लाडूनं सिमेंटच्या पोत्यात घालून दोन डबे आणले. काळे, जाडजूड पुस्तकाएवढे. "मामा, ह्याला थिन क्लायंट म्हंत्यात," तो म्हणाला. "ब्यांकेतनं काढून टाकल्यालं. ह्याला सोताचं डोकं कमी. दूरच्या मोठ्या कंप्युटरला इचारून काम करायचा."

"मग तुझ्यासारखाच की," भिकाजी म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर खूप वेळ हसला.

पण लाडूच्या डोक्यात निराळंच होतं. डब्याला पंखा नाही, फिरणारं काही नाही, वीज खातो ती एका दिव्याएवढी, तीही बारा व्होल्टची. म्हणजे सौरदिव्याच्या बॅटरीवर दिवसरात्र चालेल. त्यानं त्यात पेनड्राइव्हवरून फुकटातली लिनक्स प्रणाली चढवली, एका वायरीनं तो आपल्या छोट्या रेडिओला जोडला, आणि त्या डोकं नसलेल्या डब्याला अक्षरं गायला शिकवलं. टंकलेला निरोप डबा शिट्टीसारख्या आवाजात रेडिओवरून पाठवतो आणि पलीकडचा कंप्युटर ती शिट्टी ऐकून पुन्हा अक्षरं करतो. जिथं माणसाचा आवाज डोंगरातच जिरून जातो तिथून ही शिट्टी पार निघून जाते. शिवाय डबा जे काही ऐकेल ते साठवूनही ठेवतो. दुसरा डबा लाडूनं भिकाजीसाठी आणला होता. भिकाजीनं तो "बघू सवडीनं" म्हणून माळ्यावर पापडाच्या डब्याशेजारी ठेवला.

चार महिन्यांत लाडूनं ब्राझील, जपान, फिनलंड धरून साठ देश गाठले. भिकाजीच्या भिंतीवर अठ्ठावीस वर्षांत जमवलेली एक्क्याण्णव देशांतल्या रेडिओवाल्यांची पोचपावतीची कार्डं होती. तो रोज सकाळी दात घासत ती मोजायचा. जणू कोणी एक-दोन काढून नेतंय.

"काय करपतंय काय कुठं?" सावित्रीबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या. "वास आला. चुलीवर तर काय न्हाई माझ्या."

भिकाजी पुन्हा पहिल्या कार्डापासून मोजायचा. जळत होतं हे खरं, आणि ते चुलीवर नव्हतं हेही खरं.

खरी ठिणगी पडली ती फेब्रुवारीत. लाडूच्या वाडीतल्या गणपती नावाच्या गड्याची बायको भाग्यलक्ष्मी हिला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. मोबाइलचा टॉवर दोन दिवस मेलेला. दुपारचे तीन वाजले होते आणि भिकाजी नेहमीसारखा यंत्रापुढं होता. लाडूची हाक त्यानं स्वच्छ ऐकली, "भिकाजीमामा, भिकाजीमामा, अर्जंट हाय." भिकाजीनं लगेच उत्तर दिलं. लाडूनं पुन्हा हाक मारली. भिकाजीनं पुन्हा उत्तर दिलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा तर तो खुर्चीवरून उठून ओरडला. पलीकडून लाडू म्हणाला, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे मामा," आणि त्याच्या डब्याची शिट्टी सुरू झाली. बेळगावच्या संदीप नावाच्या रेडिओवाल्यानं ती पडद्यावर वाचली, फोन फिरवले, आणि अँब्युलन्स रस्त्याला येऊन थांबली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली.

तीनदा उत्तर दिलं आणि ह्यानं आपल्याला डावललं! भिकाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळ वाचलं ह्याचा आनंद त्याला झालाच; पण आपल्या हातून वाचलं नाही, हे त्याला जेवताना आठवायचं आणि घास फिरायचा. पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला. मध्ये लाडू, एका बाजूला बाळाला घेतलेली भाग्यलक्ष्मी, आणि दुसऱ्या बाजूला खुर्चीवर मांडून ठेवलेला डबा. डब्याला खुर्ची! आणि ज्यानं लाडूला प्लस-मायनसपासून शिकवलं त्याचं नाव बातमीत कुठं सापडेना. भिकाजीनं बातमी तीनदा वाचली, मग न जाणो तिथं छापलं असेल म्हणून बाजारभावसुद्धा वाचले.

एवढ्यावर थांबलं असतं तर भिकाजी जळून जळून थंड झाला असता. पण मे महिना आला.

दरवर्षी मे महिन्यात तालुका कचेरीतून भिकाजीला शिक्क्याचं पत्र यायचं. पावसाळ्यात अणशी घाटात दरड कोसळली, फोन बंद पडले, तर तालुक्याचं रेडिओ केंद्र कुठलं, ते त्या पत्रात लिहिलेलं असे. चौदा वर्षं एकच नाव होतं, रामनगर, श्री. भिकाजी. चौदा पत्रं त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली होती. रिटायर झालेल्या माणसाला विचारणारं जगात कोण असतं? भिकाजीला वर्षातून एकदा सरकार विचारायचं. तेवढ्यावर तो वर्षभर ताठ चालायचा.

ह्या वर्षी पत्राच्या आधी महाबळेश्वर आला. हा कचेरीतला कारकून, होन्नावरकडचा, कानडी बोलणारा, स्वभावानं गरीब. ओट्यावर फॉर्म पसरून तो कानडीतच म्हणाला, "साहेबांचं म्हणणं, दरड अणशीत कोसळते तर केंद्रही तिथंच का नको? त्या लाडूचा डबा बॅटरीवर चालतो म्हणे. आज चाचणी घेऊ. त्यानं तुमचा रिपोर्ट द्यायचा, तुम्ही त्याचा. ज्याचा चांगला त्याचं केंद्र. आम्हाला ह्यातलं काय कळतंय? तुमचा कान म्हणजे तालुक्याचा कान."

भिकाजीनं हेडफोन चढवला. हाक घातली. पलीकडून लाडूचा आवाज आला तो असा, की शेजारी बसून कोणी कानात बोलावं. मागे वाडीतला कोंबडा आरवला तोसुद्धा ऐकू आला. लाडू म्हणाला, "मामा, तुमचा रिपोर्ट पाच-नऊ. माझा सांगा."

भिकाजीनं महाबळेश्वराकडं पाहिलं. तो पेन उघडून वाट बघत होता, चेहऱ्यावर संशयाचा लवलेश नव्हता. देव्हाऱ्याखालची पिशवी जिथं असते तिकडं भिकाजीची नजर गेली. पेपरातली खुर्ची आठवली. "ऱ्हाऊ दे मामा" आठवलं.

"लाडू," तो माइकात म्हणाला, "तीन-तीन. आवाज फाटतोय. मधनंच गुडूप होतोय."

पलीकडून लाडू म्हणाला, "परत सांगा, मामा."

"तीन-तीन."

"परत एकदा."

भिकाजीनं माइक घट्ट धरला. हा मुद्दाम करतोय, ह्याला कळलंय, हा आपल्याकडून वदवून घेतोय. "तीन! तीन!"

"शेवटचं एकदा सांगा मामा, माफ करा."

चौथ्यांदा सांगताना भिकाजीचा आवाज एवढा चढला की तारेवरचे कावळे उडाले. एक खोटं बोलणं सोपं असतं. तेच चार वेळा, तेही ओरडून, बोलायला फार बळ लागतं. मग पलीकडून लाडू सावकाश म्हणाला, "व्हय मामा, कळलं. तुमी म्हणतासा म्हंजे असणारच. बघतो मी काय झालंय ते."

महाबळेश्वरानं फॉर्मवर लिहिलं: रामनगर पाच-नऊ, अणशी तीन-तीन. सावित्रीबाई चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि आत गेल्या. त्या दिवशी करपल्याचा वास त्यांना आला नाही, किंवा आला तरी त्यांनी विचारलं नाही.

पंधरावं पत्र आलं. भिकाजी ते खिशात घालून बाजारातून दोनदा हिंडून आला. लाडू मात्र रविवारच्या गप्पांतून नाहीसा झाला. पहिल्या रविवारी सगळ्यांच्या गप्पांच्या वेळी तो आला नाही तेव्हा भिकाजीला बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. बेळगावच्या संदीपनं त्याला विचारलं, "लाडू गप्पांना का येत नाही?" भिकाजीनं काहीतरी उत्तर दिलं. संदीप घाईनं "बरं बरं, पाच-नऊ, नमस्कार," म्हणून निघून गेला. अलीकडं सगळेच असे घाईत असायचे. 'पाच-नऊ' म्हणायचे आणि पळायचे, नाहीतर चार चारदा 'परत सांगा' म्हणायचे. पोरांचे कान गेलेत, असं भिकाजीनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळच्या बसनं लाडू आला. खांद्यावर सिमेंटचं पोतं. दोन्ही हात कोपरापर्यंत खरचटलेले, एका बोटाला चिंधी.

"बेळगावला चाललोय," ओट्यावर टेकत तो म्हणाला. "अकराच्या बसनं. डबा भंगारवाल्याला परत देतो. माळ्यावरचा तुमचाबी द्या."

"का रं?" भिकाजीनं विचारलं.

"तीनदा वाडीतल्या फणसावर चढलो, मामा. तार बदलली, वायरी बदलल्या, डबा सगळा खोलून बशिवला. ब्राझीलवाला म्हंतो चांगलं येतंय. जपानवाला म्हंतो चांगलं येतंय. संदीपबी तेच म्हंतो. पर तुमचा कान म्हंतो तीन-तीन." त्यानं पोत्यावर हात ठेवला. "त्यास्नी माझं मन राखायचं असंल. तुमी खोटं सांगनार न्हाईसा. वाडीतली लोकं निरोप सांगाय येत हुती, त्यास्नी सांगून टाकलं, आता येऊ नगासा. उद्या कुणाची भाग्यलक्ष्मी झाली आनि डबा आयत्या येळी मुका ऱ्हायला तर काय करू?"

भिकाजी पाणी आणतो म्हणून आत गेला. हवं होतं तेच झालं होतं. डबा भंगारात, लाडू गप्प, पत्र खिशात. मग आनंद का होत नाही, त्याला कळेना.

सावित्रीबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिशी मी च्या घेऊन आल्ते. तुमच्या कानावरच्या हेडफोनातनं भाईर लाडूचा आवाज मला उंबऱ्यात ऐकू येत हुता. कोंबडासुदिक ऐकला मी."

"सुम्म, गप बस."

"बसलेच हाय की महिनाभर. आता तुमी बोला."

भिकाजी पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून बाहेर आला. तो तांब्याकडंच बघत म्हणाला, "डबा देऊ नगंस. त्यात काय खोट न्हाई. खोट माझ्यात हाय. त्या दिशी तू पाच-नऊ येत हुतास. मला बघवलं न्हाई, म्हणून तीन-तीन म्हणलो."

लाडूनं आपल्या हातांकडं पाहिलं. "तीनदा चढलो मी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, आणि भिकाजीनं त्याचा राग आजवर कधी ऐकला नव्हता. "खाली दगड हुते, मामा."

"लई चुकलं माझं," भिकाजी म्हणाला. पण मत्सर हा चिवट जातीचा. माफी मागतानासुद्धा त्यानं डोकं वर काढलंच. "पर तूबी मला डावललंस. भाग्यलक्ष्मीच्या येळी मी तीनदा उत्तर दिलं. तीनदा! मला सोडून संदीपला धरलंस. शिकवलं कुणी तुला?"

लाडूचा राग कुठं गेला कोण जाणे. तो एकदम अवघडला. "डावललं न्हाई, मामा."

"मग काय केलंस?"

"जाऊ द्या."

"जाऊ दे न्हाई. सांग."

लाडूनं एकदा आत सावित्रीबाईंकडं पाहिलं. मग पोत्यातून कीबोर्ड आणि डबा काढला, खोलीतल्या टीव्हीला जोडला, बॅटरीची वायर लावली. डबा आवाज न करता सुरू झाला. "ह्यो ऐकल्यालं सगळं ठेवतो," लाडू म्हणाला. फेब्रुवारीची तारीख शोधून त्यानं कीबोर्डाचं बटण दाबलं.

आधी लाडूचीच हाक आली. मग खरखर आली, आणि खरखरीत कोणीतरी गुळण्या केल्यासारखा एक आवाज. शब्द नाही, अक्षर नाही. पुन्हा हाक, पुन्हा गुळण्या. तिसऱ्या खेपेला त्या गुळण्या मोठ्या झाल्या, एवढंच.

"ह्ये कोण?" भिकाजीनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला कळलं.

"दोन वर्सं झाली, मामा," लाडू म्हणाला. "तुमचं यंत्र ऐकतंय ब्येस, पर बोलताना फाडतंय. तुमास्नी सगळे पाच-नऊ म्हंत्यात. मीबी म्हंत आलो. तुमी शिकवलासा, तुमास्नी कसं सांगायचं? त्या दिशी बाळंतीण अडल्याली आनि तुमचा एक शब्द कळंना, म्हणून म्हणलं ऱ्हाऊ दे. चाचनीला तुमचा आकडा कळायला मला चारदा इचारावं लागलं."

सावित्रीबाईंची भाकरी तव्यावर होती. ती आता खरंच करपत होती आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

दोन वर्षं भिकाजीनं दुसऱ्यांच्या कानांना नावं ठेवली होती. दोन पावसाळे तालुक्याचं केंद्र असं गुळण्या करत बसलं होतं. दरड कोसळली नाही हे केवळ नशीब. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, फार खोल, हलकंही वाटलं. लाडूनं त्याला डावललं नव्हतं.

तो उठला. खिशातलं पंधरावं पत्र काढून डब्यावर ठेवलं आणि महाबळेश्वराला फोन लावला.

"तो चाचणीचा फॉर्म काढा," तो कानडीत म्हणाला. "अणशीचा रिपोर्ट बदलायचाय. पाच-नऊ लिहा."

"पण तुम्हीच तर सांगितलं होतं..."

"खोटं सांगितलं होतं. रामनगरचाही बदलायचाय."

"तो काय लिहू?"

"आपला रिपोर्ट आपण द्यायचा नसतो," भिकाजी म्हणाला आणि फोन लाडूपुढं धरला. "सांग."

लाडू मागं सरकला. "मामा, नगं."

"मी तुला काय शिकवलं? पोटात काय बी असू दे. सांग."

लाडूनं फोन घेतला. चिंधी बांधलेल्या बोटानं तो पोत्याची कड चुरगाळत होता. "रामनगर," तो अगदी हळू म्हणाला, "तीन-तीन."

"काय?" पलीकडून महाबळेश्वर म्हणाला. "ऐकू आलं नाही. परत सांगा."

लाडूच्या तोंडातून शब्द दुसऱ्यांदा निघेना. भिकाजीनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"तीन-तीन," तो म्हणाला. "लिहून घ्या."